रेषेपर्यंत

तापमानाचा आकडा पुन्हा शहाण्णववर गेला आणि पडदा काळा झाला. किशोरने माऊस आपटला नाही, अलगद उचलून बाजूला ठेवला. खाटेवर बसलेल्या त्याच्या वडिलांना, रामरावांना, त्याने तो आपटला असता तर बरं वाटलं असतं.

साडेचार वाजले होते. कॉम्प्युटरवरच्या खेळाचा सामना सहाला होता. अकोला-अमरावतीच्या पाच पोरांचा संघ घरोघरून खेळणार होता. जिंकला तर पुढची फेरी पुण्याला. मागच्या रविवारी ऐन खेळात किशोरचा कॉम्प्युटर असाच बंद पडला होता. आज पडला तर दुसरा गडी घेऊ, असं कप्तानाने स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

रामरावांना त्या काचेच्या पेटीतलं एकच कळत होतं. आत काहीतरी तापतं आणि त्याला गार ठेवायला नळ्यांमधून पाणी फिरतं. पाण्याची एक छोटी टाकी होती, तिच्यावर पांढरी रेष. किशोर आठवडाभर नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात असे, शनिवारी रात्री गावी येई. मधल्या दिवसांत पाणी रेषेखाली गेलेलं दिसलं की रामराव झाकण फिरवत आणि वाटीने रेषेपर्यंत भरत. सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरलं, हे कोण कोणाला सांगत बसतं?

किशोरने प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली. पंखे काढून धूळ झाडली, पुन्हा बसवले. पंप पूर्ण वेगावर टाकला. दर वेळी आकडा पन्नासपासून निघे, ऐंशीपाशी जरा थबके आणि शहाण्णवला पोचे. रामराव टॉर्च धरून उभे होते. उजेड कधी डावीकडे जास्त होई, कधी उजवीकडे कमी. कूलर पेटीकडे वळवून पाहू का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"बाबा, तुमी फक्त उजेड धरा."

त्यांनी उजेड धरला.

शेवटी किशोरने मनोजला फोन लावला. मनोज त्याचा शाळेतला दोस्त. त्याने दिवाळीत अकोल्याला दुकान टाकलं आणि तिथे जुळवलेली पहिली मोठी मशीन हीच. फोन मोठ्या आवाजावर ठेवून किशोर एकेक सांगत गेला. मनोजने टाकीतल्या पाण्याचं विचारलं.

"बरोबर रेषेवर आहे. सहा महिन्यांत थेंब कमी नाही झाला."

रामरावांना छातीत ऊब वाटली. ते माझ्यामुळे, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण पोरगा अडचणीत असताना आपली फुशारकी कशी मारायची, म्हणून ते गप्प राहिले.

मनोजला मात्र ते नवल वाटलं. थोडं तर उडतेच, तो म्हणाला. मग त्याने दोन्ही नळ्यांना हात लावून पाहायला सांगितलं. एक चटका देत होती, दुसरी कोमट होती.

"अबे, मग पाणी फिरूनच नाही राहिलं. ठोकळा खोल."

पाणी उपसून बादलीत काढण्यातच वीस मिनिटं गेली. मनोजने दुकानातल्या बाटलीतलं बिनक्षाराचं पाणी भरलं तेव्हा ते निळंशार होतं, आता पाणी घातलेल्या ताकासारखं दिसत होतं. किशोरने प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा सोडवला, त्याचे स्क्रू काढले आणि आतली बाजू टॉर्चकडे वळवली. केसांएवढ्या बारीक खाचा होत्या. सगळ्या पांढऱ्या-हिरव्या गाळाने बुजलेल्या. त्याने नखाने खरवडलं. खर्र आवाज आला.

सहाला वीस मिनिटं होती. कप्तानाचा संदेश आला. त्यांनी यवतमाळचा एक जण घेतला होता.

किशोरने तो दोनदा वाचला आणि मनोजशी चालूच असलेला फोन तोंडाशी धरला.

"तुह्या बाटलीतलं पाणी नकली होतं बे."

मनोज म्हणाला, बाटली तुह्यासमोर फोडली, तेच पाणी मी दुसऱ्या मशिनींतही टाकलं. किशोर ऐकून घेत नव्हता. त्याने ठोकळ्याचा फोटो काढला होता. दोन्ही जिल्ह्यांतली खेळणारी सगळी पोरं ज्या ग्रुपवर होती, त्यावर तो लिहू लागला. मनोज पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिला. रामरावांनी चष्मा वर करून किशोरच्या खांद्यावरून वाचलं. दुकानाचं नाव लिहून झालं होतं. 'काहीही घेऊ नका' एवढंही झालं होतं.

रामरावांनी टॉर्च विझवली.

"थांब. पाणी मी टाकत होतो."

किशोर वळला. त्याचा अंगठा पडद्यावर तसाच होता.

"जसं कमी होये, तसं वाटीवाटीनं. त्या पोराचा काही दोष नाही."

 किशोर वडिलांकडे पाहत राहिला, मग बादलीकडे, मग पुन्हा वडिलांकडे.

"कोणतं पाणी टाकलं? बोअरचं?"

सकाळपासून रामरावांनी सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. आपल्याला यातलं कळत नाही, हे त्यांना मान्यच होतं. पण हा प्रश्न त्यांना लागला. खारपाणपट्ट्यातलं गाव; बोअरच्या पाण्याला म्हैससुद्धा तोंड लावत नाही.

"बोअरचं काहून टाकीन?" ते म्हणाले. "दहा दिवसांनी नळ येते, त्याचं टाकलं. आमचं प्यायचं."