न शिकवलेली भाषा

आई पुन्हा तेच म्हणाली. तेच दोन-चार शब्द, आणि मग दाराकडे नजर.

"पाणी हवंय?" मुलीने भांडं पुढे केलं. आईने तोंड फिरवलं.

"उशी टोचतेय का? खिडकी लावू?"

आईने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाशी बोलून बोलून दमावं, तसे.

शेजारच्या काकू दाराला टेकून उभ्या होत्या. "शिव्या देत असेल बघ तुला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून ते अळणी सूप पाजते आहेस. मी असते तर मीही दिल्या असत्या." मुलगी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. काकूंनी आत येऊन नुसती चादर सारखी केली.

झटका आला त्या दिवशी आईची उजवी बाजू गेली, नजर अंधुक झाली, आणि शहरात येऊन शिकलेली भाषा पुसली गेली. बाजारहाट जिच्यात केला, मुलीला जिच्यात लहानाची मोठी केली, ती सगळी. डॉक्टर म्हणाले, "नंतरची जाते कधीकधी. पहिली राहते." पण आईची पहिली भाषा आता दुसरं कुणी बोलत नव्हतं. तिच्यात बोलणारे शेवटचे दोघे याच घरात नांदले होते. त्यातले वडील गेले, त्याला किती वर्षं झाली.

मुलीला त्यातलं अक्षर येत नव्हतं. ते आईनेच होऊ दिलं नव्हतं. लहानपणी शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली, म्हणून आईच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवून तिला दिवसभर अंगणात उभं केलं होतं. म्हणून आईबाप आपसात बोलायचे ते दार लोटून, दबक्या आवाजात. एकदा मुलीने दाराआडून एक शब्द उचलला आणि जेवताना मोठ्या ऐटीत म्हणून दाखवला. आईने फाडकन थोबाडीत दिली, आणि मग तिलाच पोटाशी धरून रडत बसली.

पुढे मुलगी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागली. आई बाजारात जायची ती मान वर करून पाट्या बघत. "ही माझ्या मुलीची. तीही माझ्या मुलीचीच," असं भाजीवालीला थांबवून सांगायची. घरी आली की लेकीची बोटं हातात घ्यायची आणि टर्पेंटाइनचा वास घेऊन नाक मुरडायची. आता कित्येक आठवडे ब्रश सुकून पडला होता. बोटांना नुसता औषधांचा वास येत होता.

अखेर मुलीने भाषेच्या अभ्यासकाला फोन लावला. मागे तो बरेच महिने घरी येत असे, आईचा आवाज टिपून घ्यायला, तिची भाषा शिकायला. भंगारवाला तसा हा भाषावाला, असं आई म्हणायची. "जुनं-पुराणं काय असेल ते घेऊन जा बाबा," असंही. पण मुलीला बाहेर पाठवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. त्यानेच एकदा जिन्यात सांगितलं होतं, "ताई, शहरातल्या सगळ्या भाषांहून ही जुनी आहे. कुठून आली कुणालाच ठाऊक नाही. हिची आई सापडत नाही, बहीण सापडत नाही. जगात एकटीच."

मुलीने फोन आईच्या उशाशी धरला. आई पुन्हा तेच म्हणाली.

"सर, दुखतंय का तिला कुठे?"

"नाही ताई. त्या म्हणतायत, 'बाई, माझ्या मुलीला बोलवा.'"

मुलीने भिंतीला हात लावला.

"तुम्हाला त्या नर्स समजतायत. थांबा, मी सांगून बघतो." तो आईच्या भाषेत बोलला, सावकाश, दोनदा. आईने मानही वळवली नाही. डबीतून येतो तो आवाज रेडिओचा, तो माणसाशी बोलत नसतो, हे तिचं जन्माचं मत होतं.

"ताई, तुम्हालाच म्हणावं लागेल."

"शिकवा," ती म्हणाली. "आई, मी तुझी मुलगी. मी इथेच आहे. एवढंच."

ती खिडकीशी गेली. तो म्हणत गेला, ती गिरवत गेली. एक आवाज पार घशाच्या तळातून काढायचा होता, तो काही केल्या निघेना. ती घोट घेऊन पुन्हा म्हणे, पुन्हा अडखळे. काकू हात जोडून उभ्या होत्या. शेवटी पलीकडून आवाज आला, "हं. हे बरोबर."

मुलगी आईच्या जवळ बसली. तिचा चांगला हात आपल्या हातात घेतला आणि एकेक शब्द जपून उच्चारला.

आईने डोळे उघडले. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिने चाचपत मुलीचा गाल शोधला, तो थोपटला, आणि भरभरून बोलत राहिली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"ओळखलं तिने!" मुलगी रडत, हसत म्हणाली. "सर, ओळखलं ना? काय म्हणाली?"





"त्या म्हणाल्या..." त्याचा आवाज उतरला होता. "'पोरी, किती गोड बोलतेस. आपलं माणूस भेटलं, बरं वाटलं. पण तू माझी मुलगी नव्हेस गं. माझ्या मुलीला ही भाषा येत नाही. मी तिच्या अंगाला ती लागूच दिली नाही.'"