दहापैकी दहा

शिकवणीतली आठ वर्षांची तेजल वही घेऊन तरातरा परत आली. "शीतलताई, हे गणित बरोबर आहे. तूच चूक दिलंयस!"

शीतलने पाहिलं. खरंच बरोबर होतं. "सॉरी गं," म्हणत तिने नऊचे दहा केले. घाटकोपरची अख्खी चाळ गोळा होईल अशी पोरगी ओरडत नाचली.

शीतलला मात्र त्या एवढ्याशा पोरीचा हेवा वाटला, अगदी जळजळीत. शेवटच्या वर्षाचा पेपर लिहूनही विद्यापीठाने तिला गैरहजर दाखवलं होतं. चिरीमिरी देणाऱ्यांची कामं झाली. ती महिनोन्महिने या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिली. निकालावाचून हातातली नोकरी आज गेली. तिचे डोळे भरून आले.

नाचणं थांबवून तेजल जवळ आली.

"रडू नको ना ताई. चुकतं कधी कधी. तू लगेच बरोबर केलंस ना?"