निम्मे-निम्मे

“चॅम्पियनचे सत्तर, तुझे तीस. मग कुणीही जिंको,” अप्पा म्हणाले. “पटत असेल तर बोल, नाहीतर बजबजची गाडी पकड.”

समोर बसलेल्या श्यामसुंदरने माकडटोपी कानांवर नीट ओढून घेतली. “चाळीस, दत्तूदा. तिकिटं माझ्याही नावावर खपणार आहेत.”

“बावीस वर्षांच्या पोराच्या नावावर? तुझ्या गल्लीत खपतील.”

अप्पांची मुलगी कालिंदी चहा घेऊन आली. श्यामसुंदरच्या कपात साखर नव्हती. ते सांगावं लागत नसे. खिडकीचं एक दार तिने आधीच लोटून घेतलं होतं, अप्पांच्या डोळ्यांना ऊन सोसत नसे. जिना चढून आल्यावर श्यामसुंदरने दाराबाहेर दम घेतला होता आणि चष्मा काढून खिशात घातला होता. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. लढणाऱ्याने आपली अधू नजर समोरच्याला दाखवायची नसते.

हा बॉक्सिंगच्या लढतीचा सौदा जमू नये, एवढंच तिला हवं होतं. अप्पांच्या डोक्याला आता साधा धक्काही लागता कामा नये, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. पण हातावर हात पडला, की उद्या पहाटे ते दोरी काढून उड्या मारायला लागतील, त्यांना कोण अडवणार? कप उचलताना त्यांचा हात थरथरे. मूठ वळली, की थरथर थांबे.

बोलणी मग मैदानावर आली. सियालदहजवळ नको, तिथे इंजिनांच्या शिट्ट्यांत पंचाचे आकडे ऐकू येत नाहीत, असं अप्पांचं म्हणणं. बागबाजारातच होऊ दे, घरून चालत जाता येईल. मग ते भिजलेल्या टॉवेलच्या वासाबद्दल बोलले, दोरांना पाठ टेकल्यावर कानात शिरणाऱ्या गलक्याबद्दल बोलले, आणि बोलता बोलता खुंटीवरच्या ग्लोव्हजकडे बघत राहिले.

“जाऊ दे. निम्मे-निम्मे,” ते एकदम म्हणाले. “पैशाचं काय? मला ती घंटा ऐकायचीय, पोरा.”

त्यांनी हात पुढे केला.

कालिंदी ट्रे धरून तशीच उभी राहिली. इतक्या रविवारांत अप्पा कधी साठाच्या खाली आले नव्हते. श्यामसुंदर त्या हाताकडे बघत होता. त्याचा स्वतःचा हात टेबलावरून थोडा उचलला गेला, आणि परत खाली टेकला.

“नाही, दत्तूदा. साठ मला. चाळीस तुम्हाला.”

मग अप्पा पोट धरून हसायला लागले.

“मुजोर आहे लेकाचा! चॅम्पियनकडे साठ मागतो. ऊठ, पुढच्या रविवारी थोडी अक्कल घेऊन ये.” त्यांचा चेहरा उजळला होता. कालिंदीला त्यांनी आणखी एक कप चहा मागितला.

ती आधी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. श्यामसुंदरने टोपी काढून पांढऱ्याशुभ्र केसांतला घाम पुसला आणि चष्मा लावला.

“आज मला वाटलं, तुम्ही हात मिळवणार, श्यामकाका.”

“एकदा मिळवला होता गं,” कठड्याला धरून एकेक पायरी उतरत तो म्हणाला. “त्याच टेबलावर, ते निम्मे-निम्मे म्हणाले तेव्हा. चहा तुझ्या आईने आणला होता. तू परकरात होतीस. त्या लढतीने काय केलं, ते तू रोज बघतेस.”