खुंटीवरचा चाबूक

“गाडी आखूड हुनार, हलकी हुनार, आन् निम्मा जोर बॅटरीचा. मागची फळी उघडून म्होरं जायची सवलत बी बंद,” आप्पासोंनी एकेक बोट मुडपत सांगितलं. “आता कळंल कुनाचं मनगट खरं हाय ते.”

सोप्यात टीव्हीपुढे बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. फॉर्म्युला वनचा नवा सीझन सुरू व्हायला आठ दिवस होते, आणि औंधजवळच्या त्या गावात नव्या नियमांचा अर्थ लावायचा तर आप्पासोंच्याच सोप्यात यावं लागे. आप्पासोंचं वय एकसष्ट. इंग्रजीचा गंध नाही. पण टायर कधी बदलायचे हे ते टीमच्या इंजिनिअरच्या आधी सांगत. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

जोतीराम फिटर मात्र धास्तावला होता. त्याच्या लाडक्या लाल गाडीला कैक वर्षं कप मिळाला नव्हता. “पयल्या सीझनला गाडी बसायला येळ लागतो, आप्पासो,” असं तो आधीच सांगून मोकळा झाला.

“ही हरनाऱ्याची भाषा,” आप्पासो म्हणाले. “गाडीवर बसनारा खरा असला तर कुठल्याबी नियमात पळवतो. नियमाला रडतंय त्यो डायवरच न्हवं.”

आप्पासोंना हे बोलायचा अधिकार होता. औंधपासून विट्यापर्यंत असं मैदान नव्हतं, जिथे त्यांनी बैलजोडीची छकडी पळवली नव्हती. पुढे बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. रविवार आला की आप्पासोंना जेवण जाईना. तेव्हा शाळेत असलेल्या नातीने, राणीने, एकदा टीव्हीवर मोटारींची शर्यत लावून दिली. कसली का असेना, शर्यत होती. आप्पासो जे टीव्हीला चिकटले ते चिकटलेच.

काही वर्षांनी बंदी उठली, पण नियम बदलून. चाबूक नाही, काठी नाही. आप्पासोंनी चाबूक सोप्यातल्या खुंटीला टांगला आणि जाहीर केलं, “चाबकाबिगर शर्यत म्हंजी वरात. आमी वरातीत बसत न्हाई.”

आता राणी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती. सोन्या नावाचं खोंड तिने वासरू असल्यापासून वाढवलं होतं. त्याच्या पाठीला कधी काठी लागली नव्हती. त्याला जोडीचा बैल मिळाला होता, औंधच्या मैदानात नावनोंदणी झाली होती, आणि छकडीवर आबांनीच, म्हणजे आप्पासोंनीच, बसावं, नाहीतर नाव काढून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. आबांना तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा वरातीचंच उत्तर आलं. मैदान नेमकं मोटारींच्या पहिल्या शर्यतीच्याच रविवारी होतं.

हरणाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं.

“म्हंजी नियमाला रडतंय त्यो डायवर न्हवं?” त्यांनी विचारलं.

“अजिबात न्हवं.”

“मग खुंटीवर त्ये काय टांगलंय?”

सगळ्यांनी चाबकाकडे पाहिलं.

“त्ये येगळं,” आप्पासो म्हणाले.

“काय येगळं न्हाई. तुमास्नी भ्या वाटतंय. इतकी वर्सं बैल तुमचं ऐकून पळत हुतं का चाबकाला भिऊन, ह्ये आता कळंल म्हून.”

हरणाबाईंचा आवाज चढला नव्हता. चहा घ्या म्हणावं तसं त्या बोलल्या होत्या. आप्पासोंना ते लागलं, कारण ते खरं होतं. त्या दिवशी टायरांविषयी पुढे काही चर्चा झाली नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला चौघे सोप्यात जमले. आप्पासोंची खुर्ची रिकामी होती. राणीही नव्हती, गोठ्यात सोन्याही नव्हता. चाबूक मात्र खुंटीवर होता. हरणाबाईंनी रिमोट जोतीरामच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बघा तुमी. मालक कामाला गेल्यात.”

सोन्याला मैदानावर नेलेला टेंपो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. चौघे अजून तिथेच होते, कारण एवढी बातमी ऐकल्याशिवाय घरी जाणं कुणाला शक्य नव्हतं. आप्पासो खाली उतरले. पापण्यांपर्यंत धूळ, आणि घसा पार बसलेला.

“कितवी आली गाडी?” जोतीरामने विचारलं.

“तिसरी. म्होरं फकस्त पयली जाती. गटातच बाद.”

जोतीराम अशा दिवसाची किती वर्षं वाट बघत होता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. “मग कसं काय, आप्पासो?”

“पयल्या सीझनला गाडी बसायला येळ लागतो,” आप्पासो बसक्या आवाजात म्हणाले.

सोपा हसला. टेंपोतून सोन्याला उतरवणारी राणीही हसली. हरणाबाई हसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे करून त्यांनी विचारलं, “ऐकलं का सोन्यानं?”

आप्पासो घटाघट पाणी प्याले.

“निम्म्यात बावरला हुता. बाजूला मान टाकली. मी निस्ती हाक मारली, आन् गडी सरळ झाला.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्याचा दोष त्यांनी धुळीवर ढकलला आणि डोळे उपरण्याने पुसले.

मग ते सोप्यात चढले. खुंटीवरचा चाबूक त्यांनी काढला, झटकला आणि हरणाबाईंच्या हातात दिला.

“ह्ये घे. कोंबड्या हाकायला हुईल.”