तिसऱ्यांदा विचारल्यास

“दुसऱ्यांदा विचारतेय,” विरोधी पक्षाच्या खासदार हियामाबाई माईककडे झुकल्या. “मुलांच्या खोकल्याचं ते औषध घातक आहे, हे मंत्रालयाला कधी कळलं? कागदात बघून सांगितलंत तरी चालेल, मंत्रिमहोदय. आम्ही हसणार नाही.”

समितीचं सभागृह लगेच हसलं. विरोधी बाकं मोकळेपणाने, सत्ताधारी बाकं तोंडावर हात धरून.

आरोग्यमंत्री कुसाकाबे उठले. एवढ्या वर्षांच्या राजकारणात त्यांनी कमावलेली ख्याती एकच: अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं ते अक्षर न अक्षर वाचतात. गेल्या अधिवेशनात कंसातलं ‘येथे थांबून पाणी प्यावे’ हेही त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं होतं, आणि मग खरोखर थांबून पाणी प्यायले होते. टोकियोतली शाळकरी पोरंसुद्धा त्यांची नक्कल करायची.

“मंत्रालयाला ही माहिती जुलैमध्ये मिळाली,” ते वाचू लागले. “दगावलेल्या मुलांना घरच्यांकडून जास्त मात्रा दिली गेली असावी, ही शक्यता नाकारता येत नाही.”

त्यांच्या खुर्चीमागे फायली मांडीवर घेऊन बसलेल्या, मंत्रालयातल्या नागुमोने मान खाली घातली. हे वाक्य त्याचंच. वरिष्ठांनी त्यावर हसतमुखाने शिक्का मारला होता. वरिष्ठांनी पाहिलं नव्हतं ते त्याच्या खालचं. सकाळी शेवटचं पान नागुमोने बदललं होतं. त्यावर कंसात लिहिलं होतं, ‘तिसऱ्यांदा विचारल्यास’, आणि पुढे: ‘नेमक्या मात्रेतही हे औषध मुलांच्या जिवावर बेततं, असं एका रुग्णालयाने मार्चमध्येच कळवलं होतं. तो अहवाल आम्ही दाबून ठेवला.’

कुसाकाबे वाचणार, यात त्याला शंका नव्हती. समोर ठेवला तर हा माणूस बसचं वेळापत्रकही वाचेल. फक्त तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

वर प्रेक्षक सज्जात इकुताबाई बसल्या होत्या. दगावलेल्या मुलाचा फोटो नियमाप्रमाणे दारावरच्या रक्षकाने काढून घेतला होता, म्हणून त्यांचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पालकांचं शिष्टमंडळ मंत्रालयात आलं तेव्हा बाकीचे भांडले. या एकट्याच नागुमोपाशी येऊन हळूच म्हणाल्या होत्या, “साहेब, चमचा काठोकाठ भरला होता का, तेच मला आठवत नाही. रोज स्वयंपाकघरात उभी राहून तो भरून बघते.”

तेव्हा त्याने मान लववून फाईल मिटली होती. हियामाबाईंशी मात्र बोलायचा प्रयत्न त्याने केला होता. खासदाराने प्रश्न आधी कळवायचा आणि मंत्रालयाच्या माणसाने येऊन तो उतरवून घ्यायचा, ही इथली रीत. तसा काल तो त्यांच्या कचेरीत गेला. शेजारी वरिष्ठांचा माणूस होता, त्यामुळे खासदारांसाठीचं मानाचं संबोधन वापरून बेताबेतानेच म्हणाला, “सेन्सेई, आमचे साहेब दोनदा विचारून दाद देत नाहीत. तिसऱ्यांदा विचारलंत तर…”

“बघा, उत्तर लिहिणाराच मला प्रश्न शिकवायला लागला!” बाई सहायकांकडे वळून म्हणाल्या. सगळे हसले. नागुमोही हसला. हसणं भागच होतं.

कुसाकाबेंचं वाचून झालं. ते जागेवर गेले नाहीत. माईकपाशीच उभे राहिले, पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायले.

“आज लिहिलेलं नसतानाही प्यायले!” मागून कुणीतरी ओरडलं. हशाला ऊत आला.

हियामाबाई उठल्या. नागुमोने फायलींची कड घट्ट धरली.

“आयांवर खापर फोडताना लाज वाटत नाही?” बाईंचा आवाज कापला. कॅमेरा जवळ सरकला. त्या क्षणभर तशाच थांबल्या, कॅमेऱ्याचं काम होईपर्यंत. मग त्यांनी पान उलटलं. “माझा वेळ थोडा उरलाय. आता सफरचंदांच्या पेट्यांकडे वळते. मंत्रिमहोदयांनी मतदारांच्या घरी पाठवलेल्या.”

पत्रकार सरसावून बसले. याचीच तर ते वाट बघत होते.

कुसाकाबे मात्र गोंधळल्यासारखे तिथेच. त्यांनी पुन्हा पेल्यात पाणी ओतलं, प्यायले, तोंड पुसलं. “औषधाबद्दल सेन्सेईंना आणखी काही विचारायचं नाही?”

“तुमची उत्तरं देशाने ऐकली! सफरचंदांचं बोला.”

पान चुकलं वाटतं म्हाताऱ्याचं, नागुमोच्या मनात आलं. त्याने चिडून पुढची फाईल सरकवली. सफरचंदांवर बाईंनी प्रश्नामागून प्रश्न विचारले. एकाही पेटीने कुणाचा जीव घेतला नव्हता.

सभा उठली. जिन्याच्या तोंडाशी इकुताबाई रक्षकाकडून फोटो परत घेत होत्या. घेताना त्यांनी कमरेत वाकून त्याचे आभार मानले. कुसाकाबे थबकले, त्या जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेलं शेवटचं पान काढून त्यांनी नागुमोच्या हातात दिलं.

“फाडून टाक. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल तुझी.”

नागुमोने घडी उलगडून पाहिली. “साहेब… तुम्ही वाचलं होतंत?”

“सकाळी, गाडीत. आपणहून बोललो असतो तर पक्षाने जिवंत सोडलं नसतं. विचारल्यावर वाचलं असतं, तर गाढवाने परत कंस वाचला म्हणून लोक हसले असते. पण कामकाजात नोंद झाली असती.” त्यांनी कोटाचं बटण लावलं. “दोनदा पाणी प्यायलो, नागुमो. मला तहान नव्हती.”