आधी काळं-पांढरं

"बाईसाहेब, ड्रेसिंग करताय ना?" सुताराने पलंगावरून तिसऱ्यांदा हाक मारली.

बायको खिडकीपाशी बसली होती. समोर ताटलीत कच्च्या मांसाचा तुकडा, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात कोळशाची कांडी. ती शाळेत चित्रकला शिकवायची, पण आठवडाभर तिला हेच खूळ लागलं होतं. रोज सकाळी खाटकाकडून ताजं मांस आणायचं, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचं आणि कागद काळे करायचे. पहिल्या दिवशी तिचं स्टूल ताटलीपासून लांब, पार दाराशी होतं. आज ते ताटलीला टेकलं होतं.

सुताराला मात्र पायाची काळजी होती. यंत्राच्या करवतीने मांडी फाडली होती आणि जखम अजून उघडीच होती. पुन्हा पू झाला तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज ड्रेसिंग करायला येणारी सिस्टर आजपासून येणार नव्हती. आता सगळी भिस्त हिच्यावर. आणि ही कोण? तर भाजी चिरताना बोटाला रक्त आलं तरी धाडकन आडवी होणारी! एकदा त्याच्या अंगठ्यात खिळा घुसला, तर पाणी त्यालाच तिला पाजावं लागलं होतं.

"इथे माझा पाय जायची वेळ आलीय आणि तुला मटणाची चित्रं सुचतायत! निदान रंग तरी भर त्यात."

"आधी काळं-पांढरं," मान वर न करता ती म्हणाली. "डोळे बारीक केले की रंग जाणवतच नाही. लाल नंतर."

हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याला वाटलं. भीती तर वाटलीच, रडूही आलं.

तिने साबणाने हात घासघासून धुतले, हातमोजे चढवले आणि स्टूल पलंगाशी ओढलं. पट्टी सुटत गेली. शेवटचा पदर निघाला तसे त्याने डोळे घट्ट मिटले. पडली, आता पडलीच ही! तो त्या धाडकन आवाजाची वाट बघत राहिला.

आवाज आलाच नाही.

त्याने डोळे उघडले. ती जखमेवर वाकली होती. मान तिरकी, डोळे बारीक, अगदी ताटलीसमोर बसायची तशी. मग हळूहळू तिने डोळे पूर्ण उघडले. चेहरा पांढराफटक पडला, ओठ थरथरले. हातातला चिमटा मात्र स्थिर होता.

"पाय हलवू नका हो," ती म्हणाली. "तो तुकडा कसा गप्प पडून राहायचा!"