रुसायला मदत

बायकोला मणक्याचा संधिवात होता. दुपारनंतर सैल होणारी तिची पाठ सकाळी फळीसारखी ताठ असायची. कूससुद्धा मलाच बदलून द्यावी लागे. एकदा अशाच सकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, संध्याकाळी नाटकाला येतेस का म्हणून. मी परस्पर सांगून टाकलं, "तिला नाही जमायचं इतका वेळ बसायला."

पलंगावरून तिने सगळं ऐकलं.

"अहो, इकडे या. मला भिंतीकडे वळवा."

"का गं, फार दुखतंय का?"

"नाही. मला तुमचं तोंड बघायचं नाहीये."

मी तिच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून तिला अलगद वळवलं.

"अजून थोडं. नाक दिसतंय तुमचं."

अजून थोडं वळवलं, पाठीला उशी लावली. मग ती भिंतीला म्हणाली, "दुखतं मला, आणि नकार हे देतात!"

"अगं, काळजी वाटते म्हणून…"

"काळजी करा, पण मला विचारून करा. लावा तिला फोन."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"मी येतेय गं. शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची बघ. पाठ आखडली तर मागे उभी राहून बघेन. आणि ह्यांचं तिकीट अजिबात काढू नकोस."

संध्याकाळी तिला नाटकाला सोडलं आणि नाटक संपेपर्यंत मी बाहेर बाकावर तिची वाट बघत बसलो. तेव्हा वाट बघितली की ती यायची.